कुठं दुखते ते नेमकं सांगा, ताई

पत्र

ताई, मी ४३ वर्षांची आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. मागच्या तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, व्यायाम लावा. तालुक्याच्या जिममध्ये सायकलचा क्लास निघाला आहे. सकाळी सहाला बायकांची वेगळी बॅच असते, गाणी लावून पाऊण तास सायकल मारायची. मला मनापासून आवडून राहिलं. पण सीटवर बसवत नाही. खाली ठणकते, जांघेत काचून लाल झालं आहे, आणि अर्धा क्लास झाला की पुढून मुंग्या येऊन ती जागा बधिर होते. ऑनलाइन जेलचं कव्हर मागवलं तर त्रास आणखी वाढला. शाळेत असताना मी रोज सायकलनंच जायची, तेव्हा असं काही झालं नव्हतं. ट्रेनर माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा पोरगा आहे, त्याला काय सांगू? जाऊबाई म्हणते, ‘कायले जिवाले तरास करून घेतं, दे सोडून.’ बॅचमधल्या दोघी काही न सांगता सोडून गेल्या. याची सवय होते का? पाळीच्या दिवसांत जावं की नाही, तेही सांगा.

— एक शिक्षिका

उत्तर

ताई, क्लास सोडू नका. आणि आहे तसं सोसतही बसू नका.

‘खाली दुखते’ या दोन शब्दांत तुम्ही तीन वेगवेगळी दुखणी एकत्र बांधली आहेत. तुमच्या पत्राचं मला मोल वाटलं ते यासाठी की पुढच्याच ओळीत तुम्ही ती सोडवूनही दाखवलीत. ठणकते, काचते, बधिर होते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका ‘खाली दुखते’वरच थांबतात आणि नजर खाली घालतात. मग उपाय सांगणारा अंदाजानं सांगतो. खरं तर या तिन्हींची कारणं वेगळी आहेत, उपाय वेगळे आहेत, आणि ‘सवय होते का’ याचं उत्तरही तिघांसाठी वेगळं आहे.

ठणकते ते हाडांमुळे. घराच्या कडक पायरीवर बसा आणि दोन्ही तळवे वर करून बुडाखाली घाला. दोन्ही बाजूंना एक-एक टणक उंचवटा हाताला लागेल. ही बैठकीची हाडं. सीटवर वजन यायला पाहिजे ते यांच्यावरच, त्यामुळे सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ती दुखणार. दुखणं दोन्हीकडे सारखं असेल, बोटानं दाबल्यावर कळत असेल आणि सीटवरून उतरल्यावर कमी होत असेल, तर काळजीचं कारण नाही. याची सवय होते. फक्त रोज-रोज त्याच जागेवर बसून ती होत नाही, मध्ये एक दिवस मोकळा जावा लागतो. तुमचा क्लास आठवड्याचे सहा दिवस असेल तर सध्या एक दिवसाआड जा, आणि पहिले काही दिवस वीस-पंचवीस मिनिटांनी उतरून घ्या. पैसे सहा दिवसांचे भरले म्हणून सहाही दिवस जायलाच पाहिजे असं मनात आणू नका.

साखरेची चिंता असेल तर हिशेब सोपा आहे. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. तुम्ही अजून बाहेर आहात आणि बाहेरच राहू शकता. त्यासाठी आठवड्याला साधारण १५० मिनिटं दम लागेल असा व्यायाम पाहिजे आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडायला नको. पाऊण तासाचे तीन क्लास म्हणजे १३५ मिनिटं झाली. उरलेली पंधरा शाळेच्या मैदानावर चालूनही भरून निघतात. जोवर पाऊण तास बसवत नाही, तोवर कमी पडलेली मिनिटं चालण्यात घाला.

काचते ते कातडीचं दुखणं. घाम, घासणं आणि कपड्याची शिवण या तिघांचं ते काम आहे. याची सवय होत नाही. कातडी सोलली की पुढच्या वेळी आणखी सोलते. इथे कारणच काढावं लागते, ते पुढे सांगते.

आणि बधिर होणं. याच्यावर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण बायका हेच सगळ्यात कमी सांगतात. दोन मांड्यांच्या मधला, लघवीच्या जागेच्या आसपासचा जो मऊ भाग आहे, तिथून त्या सगळ्या भागाला संवेदना देणारी नस जाते, रक्तवाहिन्या जातात. वजन हाडांवरून पुढे सरकून या मऊ भागावर आलं की नस दाबली जाते आणि मुंग्या येतात. दाब रोज होत राहिला तर तिथे सूजही येते. पुरुषांनाही हे होते, तेही सांगत नाहीत. ‘थोडं सहन केलं की जमेल’ असं जर कोणी म्हणत असेल तर या एका बाबतीत ऐकू नका. मुंग्या आल्या की गाणं संपायची वाट पाहू नका, त्याच क्षणी वजन सीटवरून उचला. एकाच क्लासमध्ये पुन्हा आल्या तर त्या दिवशी उतरा. मुंग्या येणं म्हणजे तुम्ही कच्च्या आहात असं नाही. बसायची मांडणी चुकली आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि मांडणी बदलता येते.

शाळेत असताना असं काही झालं नव्हतं, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. ती सायकल वेगळी होती. तिचं हँडल उंच, सीट रुंद आणि खाली स्प्रिंग. तुम्ही ताठ बसायच्या, म्हणून वजन सरळ त्या दोन हाडांवर. वर रस्ता आपला, गावचा. खड्डा आला की तुम्ही न कळत बूड उचलायच्या, उतार आला की पायडल सोडून द्यायच्या, वळणावर अंग कलायचं. दर अर्ध्या मिनिटाला दाबाची जागा बदलत होती. जिममधली सायकल जमिनीला खिळलेली असते. ती कलत नाही, तिला खड्डा लागत नाही, आणि तिचं जड चाक पायडलला जोडलेलं असल्यामुळे बहुतेक मशीनवर पाय थांबवून सुस्तावताही येत नाही. वजन पाऊण तास एकाच जागी. म्हणून रस्त्यावर वर्षानुवर्षं सायकल चालवलेल्या माणसालाही तिथे त्रास होतो. तुमचं वय किंवा तुमचं वजन हे त्याचं पहिलं कारण नाही.

आता ते जेलचं कव्हर. पावसात काळ्या मातीच्या वावरात पाय टाकला की टाच खाली जाते आणि चिखल बोटांच्या फटीतून वर येतो. जाड जेलवर तेच होते. हाडं त्यात रुततात आणि मधला जेल वर येऊन नेमका त्याच मऊ भागाला दाबतो जो मोकळा राहायला पाहिजे होता. म्हणून तुमच्या मुंग्या वाढल्या. शिवाय कव्हर सरकते आणि जांघेत आणखी घासते. काढून ठेवा. सीट थोडी टणक असलेलीच बरी, पण ती तुमच्या हाडांच्या रुंदीची पाहिजे. अरुंद सीटवर हाडं कडेवरून खाली घसरतात आणि भार मधोमध येतो.

ही रुंदी घरीच मोजता येते. किराणा दुकानातून खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा आणा, कडक पायरीवर किंवा लाकडी बाकावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, थोडं पुढे वाका आणि दोन्ही टाचा उचला. मिनिटभरानं उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडलेले दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. साधारण १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान भरते, आणि बायकांचं सरासरीनं पुरुषांपेक्षा जास्त असते. सीटचा मागचा रुंद भाग या मापापेक्षा दोनेक सेंटिमीटर तरी जास्त पाहिजे. मधून खाच किंवा पोकळी असलेली सीट अनेक बायकांना आराम देते. जिमच्या बऱ्याच मशीनला साध्या सायकलचीच सीट बसते, खाली दोन नट असतात. तालुक्याच्या सायकल दुकानातला मेकॅनिक पाच मिनिटांत बदलून देतो. पण सीट विकत घ्यायच्या आधी आहे त्याच मशीनची मांडणी तपासा. बहुतेक वेळा तिथेच गाठ सुटते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

मशीनच्या बाजूला उभ्या राहा. कमरेवर हात ठेवला की जे हाड लागते, तिथपर्यंत सीटची उंची आणा. ही झाली सुरुवात. मग बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. कंबर न कलता पाय सरळ झाला पाहिजे. आता टाच काढून चवडा ठेवा. गुडघ्यात थोडासा बाक राहिला तर उंची बरोबर. सीट जास्त उंच असली की पायडल गाठायला बूड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घसरत राहते. तुमच्या जांघेतलं काचणं मला याचंच वाटते. नवीन बाईला पाय जमिनीला टेकावे म्हणून सीट फार खाली ठेवायची सवयही दिसते. त्यानं सगळं वजन सीटवर बसते आणि वर गुडघे दुखायला लागतात.

मग सीट मागे-पुढे. दोन्ही पायडल जमिनीला समांतर आणा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून एक दोरा सोडा, खाली किल्ली बांधा, गवंडी ओळंबा लावतो तसा. किल्ली पायडलच्या दांड्यावर यायला पाहिजे. पुढे जात असेल तर सीट मागे घ्या, मागे राहत असेल तर पुढे.

तिसरं हँडल, आणि तुमच्या मुंग्यांचं मूळ मला इथेच दिसते. क्लासमध्ये ट्रेनर स्वतः खाली वाकून चालवतो, त्याचं पाहून सगळ्या वाकतात. त्याची पाठ, त्याच्या मांडीमागच्या शिरा त्या वाकण्याला तयार झालेल्या आहेत. आपण वाकलो की ओटीपोटाचा हाडांचा पिंजराच पुढे कलतो आणि भार मागच्या हाडांवरून पुढच्या मऊ भागावर येतो. हँडल सीटच्या पातळीला किंवा त्याहून वर घ्या. बिनधास्त वर घ्या. दिसायला ते ‘शिकाऊ’ दिसते म्हणून कमीपणा वाटू देऊ नका. कोपर सैल राहिलं पाहिजे, हातावर जोर नको.

सीटचं तोंडही पाहा. ते वर उचललेलं असेल तर पुढे टोचणारच. मोबाइलमध्ये पातळी दाखवणारं ॲप असते, ते सीटवर ठेवा. सीट सपाट पाहिजे. सपाट करूनही पुढे दाब येत असेल तर समोरचं टोक अगदी किंचित खाली घ्या. जास्त खाली घेतलं तर आपण पुढे घसरतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. आणि बसायचं सीटच्या मागच्या रुंद भागावर. संकोचानं अंग चोरून पुढच्या टोकावर बसणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ते टोक बसण्यासाठी नाहीच, मांड्यांच्या मधे दिशा धरण्यापुरतं आहे.

मशीनच्या दांड्यांवर आकडे कोरलेले असतात. एकदा नीट जमलं की सीटची उंची, सीटचं अंतर आणि हँडलची उंची हे तीन आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. तुमच्या आधीच्या बॅचमध्ये कोणी सहा फुटी माणूस बसून गेलेला असतो. त्याच्या मांडणीवर तुम्ही पाऊण तास काढायचा काही एक कारण नाही. पाच मिनिटं आधी जा आणि आपले आकडे लावून घ्या.

चालवताना दोन गोष्टी सांभाळा. एक, भार अगदी हलका ठेवून पाय भिरभिर फिरवू नका. पायाखाली जोर नसला की बूड सीटवर उडत राहते आणि आपटत राहते. मशीनचा भार कमी-जास्त करणारा नॉब थोडा घट्ट करा. पाय जितका खाली जोर लावतो तितकं वजन सीटवरून कमी होते. उलट हलक्या भाराला व्यायाम सोपा समजून जास्त वेळ बसणाऱ्यांनाच सीट जास्त लागते. दुसरं, दर पाच मिनिटांनी दहा-वीस सेकंद पायडलवर उभ्या राहा, गाण्यात तसं सांगितलेलं असो वा नसो. रस्त्यावरचे खड्डे जे काम करायचे ते आता तुम्हाला ठरवून करायचं आहे. उभं राहण्याआधी नॉब घट्ट करा. हलक्या भारावर उभं राहिलं तर जड चाक पायाला ओढून नेते. थांबवायचं असेल तर नॉब खाली दाबायचा असतो की वेगळा ब्रेक आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

कपड्यांचं. सलवार आणि आतली सुती निकर घालून तुम्ही जात असाल तर दोघींच्या शिवणी नेमक्या जांघेत येतात, आणि सूत घाम पिऊन ओलंच राहते. सायकलिंगची पॅड असलेली अर्धी पँट मिळते. ऑनलाइन किंवा नागपूर-अमरावतीच्या खेळाच्या दुकानात बायकांची वेगळी मागा, तिचं पॅड मागे रुंद असते. ती निकर न घालता, थेट अंगावर घालायची असते. सांगायला दुकानदार लाजतो, म्हणून बायका निकरवर ती चढवतात आणि फायदा निम्मा होतो. वरून सैल ट्रॅक पँट आणि तुमचा नेहमीचा कुर्ता घाला, बाहेरून कोणाला काही कळत नाही. जाडच्या जाड पॅड घेऊ नका, जेलच्या कव्हरचाच प्रकार होतो. धुतल्यावर उलटी करून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात पॅड लवकर वाळत नाही, तेव्हा दमट पँट चढवण्यापेक्षा त्या दिवशी चालायला जाणं चांगलं. जमल्यास दोन ठेवा.

पँट घेणं सध्या होत नसेल तर निदान शिवण नसलेली, अंगाला बसणारी लेगिंग घाला आणि जांघेत, जिथे घासते तिथे व्हॅसलिनचा पातळ थर द्या. पावडर नको. घामात भिजून तिचे गोळे होतात आणि तेच घासतात.

घामाचं आपल्याकडे वेगळंच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या शेडखाली जिम असते आणि एक कूलर भिंतीला लावलेला असतो. कोरड्या उन्हाळ्यात कूलर चालतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तोच कूलर ओलावा वाढवतो आणि अंगावरचा घाम वाळूच देत नाही. त्या दिवसांत कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा आणि उघड्या खिडक्या मागा. आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की तुम्ही जिममधून तशाच ओल्या कपड्यात स्कूटीनं शाळेत पोचत असाल, हे मला न सांगताही दिसते. तिथेच खरं नुकसान होते. पिशवीत कोरडे आतले कपडे आणि टॉवेल ठेवा. जिमच्या बाथरूममध्ये साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, बदलून मगच निघा. त्यासाठी क्लास दहा मिनिटं आधी सोडावा लागला तरी सोडा. जंतुनाशक औषध पाण्यात टाकून धुवायची गरज नाही, त्यानं कातडी आणखी जळते. केस काढण्याची घाईही नको. वस्तऱ्यानं काढलेले केस वाढताना आत वळतात आणि तिथे केसतोड होतो. कात्रीनं बारीक केले की पुरे.

केसतोड झालाच तर दाबून फोडू नका. कोमट पाण्यात फडकं बुडवून दहा-पंधरा मिनिटं शेका, दिवसातून तीन-चार वेळा, आणि तो बसेपर्यंत सीटवर बसू नका. वारंवार व्हायला लागले तर साखर पुन्हा तपासून घ्या.

काचलेल्या जागी खाज असेल, कडेला लालसर गोल चट्टा पसरत असेल, तर ते नुसतं काचणं नाही, गजकर्ण आहे. मेडिकलवाल्याकडून ‘खाजेची ट्यूब’ आणू नका, हे मी हात जोडून सांगते. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असते. दोन दिवसांत बरं वाटते, मग बुरशी दुप्पट पसरते, आणि पुढे साधं औषधही लवकर लागू पडत नाही. जांघेची कातडी पातळ होते ती वेगळीच. त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, खासगीत जायलाच पाहिजे असं नाही. टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवा. घरात आणखी कोणाला असेल तर एकदमच औषध करा, नाहीतर ते फिरत राहते.

तुमचं वय ४३ आहे म्हणून आणखी एक विचारून ठेवते. पाळी मागे-पुढे व्हायला लागली आहे का, तिथली कातडी कोरडी, नाजूक वाटते का? या वयात तसं सुरू होऊ शकते आणि मग तेवढ्याच घासण्याला जास्त लागते. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. त्यासाठी लावायचं औषध असते.

आता तो पोरगा. ताई, तुम्ही वर्गात चाळीस मुलांसमोर पचनसंस्था शिकवता. हेही शरीरशास्त्रच आहे. जेवढं त्याला कळायला हवं तेवढंच सांगायचं: ‘सर, माझी सीट नीट लागलेली नाही. वजन मागच्या हाडांवर येत नाही, पुढे दाब येतो. सीटची उंची आणि हँडल लावून द्या.’ यात लाजण्यासारखा एकही शब्द नाही, आणि समजणाऱ्याला सगळं समजते. मांडणी अंगाला हात न लावता करता येते. तो मशीन हलवेल, तुम्ही बसून सांगाल. एकटीला संकोच वाटत असेल तर बॅचमधल्या दोघी-तिघी मिळून विचारा. मी पैजेवर सांगते, त्यांनाही हेच होऊन राहिलं आहे.

त्या दोघी का सोडून गेल्या ते तुम्हाला माहीत नाही. पण एकदा घरी जाऊन विचाराच. आपल्या तालुक्यांमध्ये बाईला स्वतःच्या अंगासाठी दिवसातला पाऊण तास मिळायला किती वर्षं गेली आहेत. पाणी, डबे, वावर, शाळा, सासरची तब्येत, सगळं आटोपून मग तिचा नंबर. असा तास एखादीला मिळावा आणि तो चुकीच्या उंचीच्या सीटपायी जावा, याचा मला खरोखर राग येतो. जिमच्या मालकाला बॅचच्या वतीनं सांगा की महिन्यातून एक दिवस तरी बाई प्रशिक्षक बोलवा आणि प्रत्येकीची मांडणी लावून घ्या. बाई मिळत नाही असं तो म्हणेल. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून व्यायामाचंच काम करते, तिथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे. शारीरिक शिक्षण घेतलेल्या मुली विदर्भात आहेत, शोधायची तयारी पाहिजे. बायकांची बॅच चालवून फी घेणाऱ्यानं ती तयारी ठेवलीच पाहिजे, असं माझं मत आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही ऐका. सीटवरून उतरल्यावर बधिरपणा काही मिनिटांत जायला पाहिजे. दुसऱ्या दिवशीही राहिला, किंवा मांडणी बदलून दोन आठवडे झाले तरी दर वेळी येतच असेल, तर दाखवा. लघवीला जळजळ, ताप, एका जागी वाढत जाणारी दुखरी गाठ, पसरणारी लाली, रक्त किंवा पू, यातलं काही असेल तरी थांबू नका. आणि कंबर दुखून पायात ताकद कमी वाटते, जांघेचा भाग बधिर आहे आणि लघवी किंवा संडासचा ताबा जाऊन राहिला, असं कधी एकत्र झालं तर तो सीटचा प्रश्न नसतो, मणक्यातल्या नसांचा असतो. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

पाळीचं विचारलंत. जाता येते, कुठलीही मनाई नाही. पहिल्या दिवशी पोटात दुखत असेल तर राहू द्या, तेवढं स्वतःच ठरवा. सॅनिटरी पॅडच्या कडा मात्र सीटवर दुमडतात आणि नेमक्या जांघेत कापतात. म्हणून त्या दिवसांत पातळ पॅड लावा, त्यासाठी घट्ट बसणारी निकर लागेल तर घाला, आणि क्लास संपल्याबरोबर पॅड बदला. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर हा प्रश्नच येत नाही, पॅडची पँट तेव्हाही थेट अंगावर घालता येते. रक्तस्राव जास्त असेल तर त्या दिवशी सायकलऐवजी चालून या. आणि पाळीसाठीचं पॅड गादी म्हणून एरवी सीटवर बसायला लावू नका. बॅचमध्ये कोणी ना कोणी हा उपाय सांगतेच. ते ओलावा धरून ठेवते, सरकते, आणि काचणं दुप्पट करते.